गिटारीची सुकती

रविवारी दुपारी साडेतीन वाजता, सगळं मालवण माशांचं जेवण जिरवत आडवं झालेलं असायचं तेव्हा, आम्ही चौघे एका रेडिओसमोर मांडी घालून बसायचो. साठ सालाच्या आगेमागची गोष्ट. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा केंद्रावरून अर्धा तास अमेरिकेतल्या गुराख्यांची गाणी लागायची. गुराखी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर इरलं घेतलेला, काठीने म्हशी हाकणारा आमच्याकडचा माणूस यायचा. त्यामुळे हे गुराखी एवढे रडवे का गातात, याचंच मला आधी नवल वाटलं होतं. बोल आम्हाला फारसे कळत नसत. आम्ही बसायचो ते गाण्यामागच्या एका आवाजासाठी.

तो आवाज एका सुरावर पाय ठेवून दुसऱ्यावर उडी मारत नसे, घसरत जाई. व्हायोलिनही घसरतं, पण याचं घसरणं वेगळं होतं. मी हायस्कूलात शास्त्र शिकवायचो आणि मला प्रत्येक गोष्टीचं कारण लागायचं. कारण मिळालं नाही की माझं डोकं फिरायचं आणि मिळालं की मी ते चारचौघांना ऐकवल्याशिवाय राहायचो नाही. आमच्या बँडातल्या बाकीच्यांना दोन्हींचा सारखाच त्रास होई.

बँड म्हणजे ख्रिस्ती लग्नांत वाजवणारं आमचं चौघांचं टोळकं. ट्रम्पेट वाजवणारे मास्तर वयाने मोठे, रेडिओ त्यांच्याच घरचा. दोन माडांना तार ताणून त्यांनी त्याची एरियल केली होती. ड्रम वाजवायचा तो पेशाने सुतार. मी साधी गिटार धरायचो, मुंबईत शिकत असताना शेजाऱ्याचं बघून उचललेली. आणि चौथा खलाशी. तो पूर्वी आमचा व्हायोलिनवाला होता. मग जहाजावर गेला, आणि तीन वर्षांनी परत आला तेव्हा त्याच्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट नव्हतं. साखळदंडात हात सापडला होता. मधलं बोट होतं, पण वाकत नव्हतं. व्हायोलिन त्याने आल्या आल्या खुंटीला टांगलं आणि वर कापड टाकलं.

त्या जून महिन्यात त्याच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं, जानेवारीतलं. त्यांच्या घरात एक रीत होती. नवरी उंबऱ्याबाहेर पडली की खळ्यातून, म्हणजे अंगणातून, दगडी कुंपणाच्या गडग्यापर्यंत घरच्याच माणसाच्या वाजवण्यावर चालायची. गडग्याबाहेर मग भाड्याचा बँड वाजवो नाहीतर कुणी पिपाण्या फुंको. मोठ्या बहिणीच्या वेळी बापाने व्हायोलिन वाजवलं होतं, तिच्या शेजारून चालत चालत. बाप आता नव्हता. घरात वाजवणारा एकच उरला होता आणि त्याला सात बोटं धड होती.

"माका वाजवचां आसा," तो एका रविवारी रेडिओसमोर म्हणाला. "हाताची बोटां नको आसलेला वाद्य ह्याच." आणि त्याने रेडिओकडे मान हलवली.

तो आवाज त्याने जहाजावर असताना एका परक्या बंदरात समोरासमोर ऐकला होता. खलाशांच्या क्लबात गर्दीच्या पाठीमागून. वाजवणारा बसलेला होता, गिटार मांडीवर आडवी, आणि डाव्या हातात पोलादाचं काहीतरी. एवढंच दिसलं होतं, मग पुढच्याने टोपी घातली. खलाशाच्या ट्रंकेच्या झाकणाला आतून परदेशी मासिकाचं एक पान चिकटवलेलं होतं. मधोमध मोठ्या टोपीचा गवई दात काढून उभा, मागे बँड, आणि कडेला मांडीवर गिटार घेतलेला, मान खाली घातलेला एक माणूस. नेमका त्याचा डावा हात कापून टाकून पान संपत होतं. मी शाळेतलं भिंग नेऊन ते पान तासभर पाहिलं. त्या माणसाचा बूट, त्याची बसण्याची पद्धत, गुडघ्यावर पडलेली गिटारीची सावली. खाली गवयाचं नाव छापलं होतं. या माणसाचं नव्हतं. रेडिओवरही तसंच. निवेदक गाणाऱ्याचं नाव दोनदा घ्यायचा, पण आम्हाला वेड लावणारा आवाज काढणारा कोण, त्याच्या शेजारी कोण बसतो, त्यांचं आपसात पटतं का, हे कधी म्हणून कधी सांगत नसे. मला त्याचा भयंकर राग यायचा.

मग आम्ही कामाला लागलो. सुताराने माझ्याकडे पडून असलेली दुसरी, जुनी गिटार घेतली आणि तारांखाली हाडाची पट्टी बसवून तारा बोटभर वर उचलल्या. उजव्या हाताच्या बोटांत घालायला करवंटीच्या नख्या घासून काढल्या. त्या मात्र पहिल्या फटक्यात जमल्या. अडलं ते डाव्या हातातल्या वस्तूपाशी. सुरीची पाठ लावली तर ती खरखरली. बाटली घेतली, तिचा आवाज पोकळ आला. जाळ्याचं शिसं आणलं, ते मऊ पडलं. मास्तरांनी पाट्यावरचा वरवंटा पुढे केला आणि स्वतःच हसत बसले. शेवटी धक्क्यावरून एका लाँचीच्या इंजिनातली जुनी पोलादी पिन मिळाली. खलाशाने ती अंगठा आणि दोन बोटांत धरली, तारेवर ठेवली आणि सरकवली. तो आवाज आमच्या पडवीत आला. सुतार उठून बाहेर गेला आणि नाक शिंकरून परत आला. माझ्याही अंगावर काटा आला, सांगायला कसली लाज?

आता सूर बसवायचा होता. रेडिओवर एक संथ चाल वरचेवर लागायची, तीच आम्ही धरली. तिच्यात एक गंमत होती, धावत्या गाण्यांत ती एवढी जाणवत नसे. वाजता वाजता ती सगळीच्या सगळी हळू होत जाई, पार ऐकू येईनाशी होई, आणि थोड्या वेळाने पुन्हा भरून येई. मास्तर बटणाकडे हात नेत, तो मी झटकायचो. माझ्याकडे कारण तयार होतं. त्या मुलखात म्हणे मैलोन्‌मैल सपाट माळ असतात. गुराखी घोड्यावरून लांब जातो, परत येतो, तेच त्यांनी वाजवण्यात धरलंय, ही त्यांची कला आहे! हे मी खडू हातात असल्यासारखं समजावलं. मास्तर म्हणाले, "म्हणजे सुकती-भरती." समुद्राला ओहोटी लागते तिला आमच्याकडे सुकती म्हणतात. तेव्हापासून त्या विरण्याला आम्ही सुकतीच म्हणू लागलो. खलाशी नुसता पिन पुसत राहिला.

पावसाळाभर आम्ही सुकती घोटली. सोपं नव्हतं ते. चौघांनी एकदम खाली उतरायचं, ड्रम नखाने वाजवायचा, ट्रम्पेटच्या तोंडात फडकं कोंबायचं आणि मी एकच सुरावट हलकेच छेडत राहायची. खलाशी पिन उचलून घ्यायचा, तार आपोआप विझायची. मग मी मानेने खूण केली की सगळ्यांनी भरून यायचं. दिवाळीनंतर वालावलच्या बाजूला एका लग्नात आम्ही ती चाल वाजवली, तर बायका जेवणाची ताटं सोडून बाहेर आल्या. मी तर त्या अमेरिकन वाजवणाऱ्याला मनातल्या मनात पत्रंच लिहायला लागलो होतो की, बाबा रे, तुझी कला इथे आम्ही अशी पकडली.

लग्नाला दोन दिवस असताना नवऱ्यामुलाचा मामा मुंबईहून आला. सोबत चावीचा फोनो आणि तबकड्यांची पेटी. पेटीत आमची चाल निघाली. मी सगळ्यांना गोळा केलं, आता खरी सुकती ऐका म्हणून.

तबकडी सुरू झाली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत एका आवाजात वाजली. कुठे उतरली नाही, कुठे विरली नाही. आम्ही चावी भरून पुन्हा लावली. पुन्हा तेच. लांबच्या केंद्राचा आवाज हवेतून येता येता विरतो, परत येतो. लहरींचा हा धडा मी दरवर्षी मुलांना फळ्यावर काढून शिकवत होतो! मास्तर खो खो हसत सुटले. मला हसू येईना. मी भलताच चिडलो, मुख्यतः स्वतःवर, पण राग काढला तो इतरांवर. म्हटलं, पाहुणे मुंबईचे आहेत, त्यांना खरी चाल ठाऊक आहे, आपलं हसं होईल. आजपासून सुकती बंद, सरळ वाजवायचं.

लगेच बसलो. पहिलं कडवं छान गेलं. दुसऱ्याच्या मध्यावर, जिथे एरवी आम्ही उतरायचो तिथून पुढे गेलो, आणि पिन खलाशाच्या हातून सुटली. तारांवर आपटली, जमिनीवर पडली आणि घरंगळत दाराशी गेली. सुताराने ती उचलून दिली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा त्याच जागी पडली. मग मी त्याचा हात पाहिला. दोन बोटं गेली तिथली जागा लालभडक झाली होती आणि अंगठा आपला आपण उडत होता.

"एवढ्याच येळ धरता तो," खलाशी म्हणाला. "मगे इसाव लागता."

सुकती म्हणजे त्याच्या हाताचा विसावा होता. मला ते समजायला क्षणभर वेळ लागला.

"म्हणजे तुका म्हायत हुतां? सुकती रेडिओची म्हणान?" मी विचारलं.

"पयल्या दिसापासून. मी बंदरात आयकलेलंय ना समोरासमोर."

"मगे बोललंस कित्याक नाय?"

तो शांतपणे म्हणाला, "गुरुजीनू, तुमी आवाजाचां सगळां इचारलास. हाताचां खंय इचारलास?"

मला कानशिलात बसल्यासारखं झालं. सहा महिने मी तारेची उंची मोजली, पोलाद आणि शिसं यांतला फरक तपासला, हजारो मैलांवरच्या अनोळखी माणसाचा बूट भिंगातून पाहिला. आणि हातभर अंतरावर बसलेल्या मित्राचा हात दुखतो का, एवढं विचारायचं मला सुचलं नाही. मी गिटार उलटी करून मांडीवर ठेवली, तसं मास्तरांचंही हसू थांबलं. शेवटी तेच म्हणाले, "सुकतीसकट वाजवया. मुंबयकारांका काय समाजता?"

लग्नाच्या दिवशी दुपारी खळं सारवून लख्ख केलेलं, पाहुणे दोन्ही बाजूंना. मोठीच्या लग्नात बाप व्हायोलिन घेऊन लेकीशेजारून चालला होता. हे वाद्य मांडीवरचं, याला चालता येत नाही. खलाशी ओट्यावर बसला, आम्ही तिघे त्याच्यामागे. बहीण बाहेर आली, भावाच्या गुडघ्याला हात लावला आणि पायऱ्या उतरली. आम्ही सुरू केलं.

वाजवता वाजवता एक गोष्ट माझ्या लक्षात आली. खळं लांब होतं. ती पुढे चालत राहणार, आमचा आवाज मागे राहणार आणि मध्येच सुकती लागणार. म्हणजे काही पावलं तरी ती वाजवण्याशिवाय चालणार, आणि रीत मोडणार. याचा विचार आधी कुणी केला नव्हता, मी तर नाहीच.

पहिली सुकती आली. आम्ही उतरलो, खलाशाने पिन उचलली, आणि खळ्याच्या मधोमध बहीण थांबली. मागे वळली नाही. नुसती पाठमोरी उभी राहिली. कुणीतरी कुजबुजलं की झगा अडकला असेल. आम्ही भरून आलो तशी ती चालू लागली. दुसरी सुकती, ती पुन्हा थांबली. तिसरी अगदी गडग्याजवळ आली. एक पाऊल टाकलं असतं तर ती बाहेर होती, पलीकडे भाड्याचा बँड पिपाण्या तोंडाला लावून तयार होता. तिने ते पाऊल टाकलं नाही. खलाशी हात उघडत होता, मिटायला बघत होता, बोटं आखडली होती आणि मिटता मिटत नव्हती. मी ती एकच सुरावट छेडत राहिलो, किती वेळ कोण जाणे. खूण करायचं माझं काम होतं, पण त्या दिवशी मी खूण केली नाही. त्याच्या हाताकडे बघत राहिलो. हाताने पिन धरली, मग आम्ही भरून आलो आणि ती गडग्याबाहेर गेली.

बाहेर दणक्यात बँड सुरू झाला. पाहुणे तिच्यामागून धावले. मी गिटार खाली ठेवली आणि खलाशाला विचारलं, "तिका सांगलेलं तू? थांबूक?"

"नाय."

"मगे तिका कसां समाजला?"

"मी जहाजावरसून इलंय तेवा ह्या हाताची पट्टी तीच सोडी नि बांधी, गुरुजीनू," तो म्हणाला. "तिका ह्यो हात म्हायत आसा."

पिन पायरीवर पडली होती. मी उचलली, घामाने ओली आणि गरम होती. लेंग्याला पुसून ती त्याच्या खिशात टाकली.

"दुखता?" मी विचारलं.

"दुखता," तो म्हणाला, आणि आम्ही दोघे चर्चच्या वाटेला लागलो.