सैर एवढंच कारण

देव, लग्न, बाळंतपण किंवा मयत यांपैकी एकही कारण नसताना तुम्ही कधी बायकोला घेऊन गाव सोडलं आहे का? उत्तराची घाई करू नका, ते मी ओळखतो. उभ्या परभणी जिल्ह्यात असं करणारा एकच माणूस मला ठाऊक आहे, तो म्हणजे सेलूच्या शाळेतले आमचे इतिहासाचे मास्तर.

मास्तर संस्थानच्या नियमानं वर्गात उर्दूतून शिकवत आणि घरी तोच धडा मराठीतून बायकोला सांगत. सगळ्या इतिहासात त्यांचा जीव एकाच धड्यावर होता: स्पेनचा दक्षिण भाग, जुन्या अरबांचं अंदलूस. गरनाता, म्हणजे ग्रॅनडा, शहरातला लाल महाल, तिथलं बारा दगडी सिंहांच्या पाठीवरचं कारंजं, संत्र्यांच्या बागा. त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, सेलूबाहेर माहेरचं पेडगाव तेवढं पाहिलेलं. पण मास्तरांनी अंगणात रांगोळीनं काढलेला त्या महालाचा नकाशा त्यांना पाठ होता आणि सडा घालताना त्या सिंहांना वळसा घालून जात. तिकडचे लोक जैतून नावाचं खारवलेलं हिरवं फळ खातात म्हणून मास्तर दर हिवाळ्यात हिरवी बोरं मिठाच्या पाण्यात मुरवत आणि येईल त्याला 'जैतून' म्हणून खाऊ घालत. आमचे दात आंबत. 'सवय लागते, बाबू,' म्हणत ते आणखी चार पुढं करत. एकदा त्यांनी स्टेशनमास्तरला गंभीरपणे विचारलं, गरनात्याला जायचं तर गाडी कुठं बदलावी लागते. मनमाडला, पुढचं मला माहीत नाही, असं उत्तर आलं. मास्तर खूश, सुरुवात तर कळली. पुढं तिकडं यादवी पेटली, तेव्हा त्यांनी काकूंना रीतसर कळवलं की स्पेन तूर्त बंद आहे, आपण औरंगाबादला जाऊ. पाण्याची करामत तिथंही आहे.

जुम्म्याच्या, म्हणजे शुक्रवारच्या, सुट्टीला जोडून तीन दिवसांची रजा हवी होती. मास्तरांनी अर्जात कारण लिहिलं, 'बीवीसोबत सैर'. सदर मुदर्रिस, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, भले गृहस्थ होते. ते म्हणाले, वेरूळला दर्शन असं लिहा, आत्ता सही करतो. सैरीसाठी रजा दिली तर वर काय सांगू? मास्तरांनी खोटं लिहायला नकार दिला. अर्ज परत आला. त्यांनी तोच पुन्हा दिला, तोही परत आला. मी तेव्हा मॅट्रिकला होतो आणि सरहद्दीपलीकडच्या इंग्रजी मुलखातून चोरून येणारी चळवळीची पत्रकं वाचून पेटलेलो. मी मास्तरांना सांगितलं की एक अक्षरही बदलू नका, हा तत्त्वाचा प्रश्न आहे. मी यावर पत्रकच काढतो. मास्तरांची मान ताठ झाली. भरलेली ट्रंक दाराशी तशीच होती. काकू आतून आल्या आणि आमच्याकडं बघून शांतपणे म्हणाल्या, "तुमचं दोघांचं खरं लय मोठं हाय. त्याच्यापायी मी चुलीपाशीच बसू का?"



दुसऱ्या दिवशी जुम्मा होता. काकू बोरांची बरणी घेऊन सदर मुदर्रिसांच्या जनान्यात गेल्या. त्यांच्या बेगम पडद्यातल्या. माहेरच्या घरातून या घरात आल्या, तेवढाच त्यांचा प्रवास. काकूंनी त्यांना बारा सिंह सांगितले, अर्ज सांगितला. बेगमनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "जाव तुम. आके सब बोलना, कुछ छोड़ना नक्को." शनिवारी अर्ज मंजूर होऊन आला. कारणाला कुणी हात लावला नव्हता. तो जुम्मा तर गेलाच होता. पुढच्या जुम्म्याला जोडून दोघं निघाले.

औरंगाबादला मास्तरांनी मुसलमानी भट्टीवरचा पिवळाधमक नान घेतला. वर्गात जातपातीवर तासभर बोलणारा हा माणूस पहिला घास घेण्याआधी तीनदा मागं वळून पाहत होता; तोवर काकूंनी घरच्या शेंगदाण्याच्या चटणीबरोबर अर्धा संपवला होता. पाणचक्कीच्या हौदाशी काकूंनी विचारलं, सिंव्ह कुठं हायत. मास्तर म्हणाले, ते तिकडंच राहिले. मग दोघं काठावर शेजारीशेजारी बसले. गावात काकू त्यांच्या मागं दहा पावलं चालत. त्या दिवशी त्या पुढं चालल्या आणि मास्तर ट्रंक घेऊन मागं. हे मला मास्तरांनीच सांगितलं, मोठ्या अभिमानानं.

परतल्यावर काकू चार दुपारी बेगमना सगळं सांगत होत्या. नानाची चव सांगायला एक अख्खी दुपार गेली. आपणही जाऊ का, असं बेगमनी घरी तीनदा विचारलं. यंदा नको, पुढच्या साली, असं ठरत राहिलं.

या गोष्टीला दहा वर्षं झाली. सध्या संस्थानात लुटालूट आणि मारामाऱ्या चालल्यात; आमच्याकडं कामाशिवाय कुणी गाडीत बसत नाही, आणि बसलेला माणूस उतरेपर्यंत घरचे जेवत नाहीत. शाळेला कुलूप आहे. सदर मुदर्रिसांचं कुटुंब हैदराबादला गेलं. बेगमनी औरंगाबाद पाहिलं की नाही, हे काकूंना कळलेलं नाही. तिकडून कुणी आलं की त्या विचारतात. मास्तर थकलेत. आता ते काकूंना नवे धडे सांगत नाहीत. काकू सांगतात ते ऐकतात.

पुढं मी खरोखर पत्रकं काढू लागलो आणि त्यांतून तुमच्याकडं पुष्कळ मोठमोठ्या गोष्टी मागितल्या. आज मागणं लहान आहे. तुमच्या गावात गाडी अजून सुखानं येत-जात असेल, तर आजच घरातल्या बाईला विचारा, तिला काय पाहायचं आहे. ती लगेच सांगणार नाही. तिथंच थांबा, आणि पुन्हा विचारा.