खाटेवरचे पाय

रविवारी दुपारी आमच्या भांडुपच्या खोलीत भाड्याचा व्हीसीआर आला की शेजारच्या काकू सगळ्यांच्या आधी येऊन खाटेच्या कडेला बसायच्या. मी तेव्हा फिल्म सोसायटीचा मेंबर होतो, म्हणजे वर्गणी भरून शहाणा झालो होतो. भूत असेल तर हॉरर आणि खुनी असेल तर थ्रिलर, हे मी कॅसेट लावण्याआधी सगळ्यांना समजावून सांगायचो. कोणी विचारायचं नाही, तरी सांगायचो.

काकूंची तऱ्हा वेगळी. खुनी सुरा घेऊन आला की त्या टीव्हीतल्या बाईला ओरडून सांगायच्या, "अगो बाय, मागे बघ!" तेव्हा त्यांचे पाय जमिनीवर असायचे. पण खरी भीती वाटली की तोंड बंद व्हायचं आणि दोन्ही पाय गुपचूप खाटेवर यायचे.

एकदा मी एक सिनेमा आणला. त्यात खून नव्हता, भूतही नव्हतं. एक नवरा होता. आवाज न चढवता, हसतमुखाने तो बायकोला समजावत राहायचा की तुला नक्की काय वाटतंय ते तुला कळत नाही. काकू गप्प झाल्या. पाय वर गेले.

"काकू, हा हॉरर नाही," मी हसून समजावलं. "तुम्हाला भीती नाही वाटत, उत्सुकता वाटतेय."

"असेल बाबा," त्या म्हणाल्या. पाय वरच.

दुजोऱ्यासाठी मी बायकोकडे वळलो. ती काकूंच्या शेजारीच बसली होती, पाय पोटाशी घेऊन.