दादांच्या हिरड्या

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो. पण आधी माझी बढाई ऐकून घ्यावी लागेल, कारण ती खरी आहे.

सोनपेठच्या आसपास कवळी बसवून आलेला पहिला माणूस मी. निजामाचं राज्य होतं तेव्हा. आमच्याकडे दात दुखला की लवंग धरून बसायचं, नाहीतर न्हाव्याकडून उपटून घ्यायचा. माझे सगळे दात चाळिशीतच गेले. मग मी परभणीला गाडीत बसलो, मनमाडला गाडी बदलली आणि थेट पुणं गाठलं. तो इंग्रजी मुलूख — म्हणजे आमच्या लेखी परदेशच. येताना करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या शिपायाने सामान तपासताना कवळीची डबी उघडली. "ये क्या है?" मी कवळी उचलून तोंडात बसवली आणि त्याच्याकडे बघून हसलो. बिचारा दोन पावलं मागे सरला.

गावात आल्यावर पारावर बसून वाळकी भाकरी कडाकडा मोडून खाल्ली. आजही सांगताना छाती फुगते. दुखणं घेऊन घरात कुढू नका, हद्द ओलांडा, चांगला डॉक्टर गाठा — भेटेल त्याला सांगत सुटलो. सात जणांना स्वतः घेऊन गेलो. कुणाचे डोळे, कुणाचे दात, एकीची पोटातली गाठ. सगळे बरे होऊन आले.

त्या सातांत दादा नव्हते.

दादा माझे थोरले भाऊ. वडील गेल्यावर त्यांनीच मला वाढवलं. त्यांच्याही तोंडात दात उरला नव्हता; भाकरी ताकात कालवून गिळायचे. माझी कवळी सैल झाली म्हणून पुन्हा पुण्याला निघालो, तेव्हा म्हणाले, "तुझ्या डागदराला माझं बी इचारून ये. जमत असंल तर मी येतो."

विचारलं का मी? — नाही. खुर्चीत बसलो, कवळी घट्ट करून घेतली, डॉक्टरांशी पाऊसपाण्याच्या गप्पा मारल्या. विसरलो असतो तर — पण विसरलो नव्हतो. घरी येऊन सांगितलं, "दादा, तुमच्या हिरड्या कवळी धरणार न्हाईत म्हणले."

तोंडात न बघता डॉक्टर असं कसं सांगेल, हे त्यांच्या मनातही आलं नाही. "मग ऱ्हाऊ दे," म्हणाले. "तुझं झालं की."

का केलं? जन्मभर मी दादांचा धाकटा. लोक पहिल्यांदाच आमच्या दारात येऊन मला हाक मारायला लागले होते. बाकीच्यांना नेलं की माझा मान वाढायचा. दादांना तसेच दात आले असते, तर मी पुन्हा नुसता धाकटा झालो असतो. एवढंच.

हुरड्याची पहिली मूठ घरातल्या थोरल्याला द्यायची आमच्याकडे रीत. कणसं भाजायच्या आगटीपाशी पाहुणे बसलेले असायचे. दादा ती मूठ घ्यायचे, फुंकून साफ करायचे आणि सगळ्यांदेखत माझ्या हातावर ठेवायचे. "माझ्या वाटचं यानं खावं," असं कौतुकानं सांगायचे. "याचे दात पुण्याचे हायत."

ते जाईपर्यंत, दर साल. आणि मी चवीनं चावून खायचो.