बाबांच्या लॅपटॉपचा बाण

या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी जेवणाच्या सुट्टीत वाचते आणि आमच्या लॅबमधल्या दोघींना वाचून दाखवून खो-खो हसवते, हे आधीच कबूल करते. भूत, भानामती, अंगात येणं... माझा काडीचा विश्वास नाही. अठरा वर्षं मी अकोल्यात एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये काम करते आहे. माझा धर्म एकच — आधी प्लग नीट लागलाय का बघा, मग देवाचं नाव घ्या. तोंडाने मी फटकळ आहे. पोरं म्हणतात, मॅडमला विचारण्यापेक्षा कॉम्प्युटर खिडकीतून फेकलेला बरा. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं त्यात माझ्या तोंडाचा वाटा मोठा आहे.

माझे बाबा शेंदूरजनाघाटचे. संत्र्याच्या कलमांची छोटीशी रोपवाटिका होती त्यांची. जंभेरी लिंबाच्या रोपाला चाकूने चीर द्यायची, तिच्यात संत्र्याचा डोळा, म्हणजे कोंब, बसवायचा, वरून पट्टी बांधायची — आयुष्यभर हेच केलं. घरी आई आणि ते, दोघंच. मी एकुलती एक. माझा जुना लॅपटॉप मी त्यांना देऊन टाकला होता. गिऱ्हाईक रोगट पानांचे फोटो पाठवायचे, बाबा ते त्याच्यावर मोठे करून बघायचे. माऊसच्या कर्सरला ते 'बाण' म्हणत.

तीन वर्षांपूर्वी श्रावणात त्यांचा फोन आला.

"बाई, थो बाण गेला ना व."

"कुठं गेला?"

"आता मले काय सांगून गेला का थो?"

फोनवर समजावून समजावून माझा घसा बसला. शेवटी शनिवारी निघाले. अकोल्याहून अमरावती, तिथून वरूड, मग पुढे घर... पाच तास. लॅपटॉप उघडला, एफएन आणि एफ-सिक्स ही दोन बटणं एकदम दाबली, बाण हजर! ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते — बऱ्याच लॅपटॉपवर वरच्या रांगेतल्या एका बटणाने टचपॅड बंद होतो. टचपॅड बंद आणि दुसरा माऊस लावलेला नाही, की बाण स्क्रीनवरून नाहीसा होतो. चुकून हात लागतो आणि माणसं घाबरतात. बाबांना मी ते बटण दाखवलं आणि पुन्हा हात लावाल तर बघा, असा दमही दिला. पण आलेच होते, तर दोन दिवस राहिले. आईने बेसनाच्या पातोडीचा रस्सा केला. संध्याकाळी बाबांनी मला रोपांच्या रांगांमधून फिरवलं. हे कलम मोर्शीला जाणार, हे अमक्याच्या बगिच्यात जाणार... मी मोबाईल बघत हो-हो म्हणत होते.

त्यानंतर दर महिना-दीड महिन्याला बाण जायला लागला. फोन यायचा, मी चिडचिड करत जायचे, आणि घरी पोचून बघते तर बाण आपला स्क्रीनच्या मधोमध उभा.

"तू आली का येते थो," बाबा म्हणायचे.

"मग पाच तास मी काय हवा खायला आले?"

"खाय ना मग. आपल्या इकडची हवा चांगली हाये."

गेल्या वर्षी खंडेनवमीला मी घरी होते. त्या दिवशी आमच्याकडे अवजारांची पूजा असते. कोयता, फवारणीचा पंप, डोळा भरायचा चाकू, सगळं धुऊन पुसून पाटावर मांडायचं आणि कुंकवाचा टिक्का लावायचा. बाबांनी त्या रांगेत लॅपटॉप मांडला, तोही उघडा, आणि ओल्या कुंकवाचा टिक्का थेट की-बोर्डच्या वरच्या रांगेत लावला! मी किंचाळलेच. पाणी आत गेलं तर बोर्ड जळेल, म्हणून पुसायला धावले, तर आईने हात धरला. पूजेत मांडलेलं दुसऱ्या दिवशीपर्यंत हलवत नाहीत. बाबा नुसते हसत होते.

दिवाळी झाली. कॉलेजात प्रॅक्टिकल परीक्षा सुरू, चाळीस पोरं रांगेत, सर्व्हर बंद पडलेला... आणि बाबांचा फोन.

"बाई, बाण गेला."

"तुम्हीच कुंकू फासून बिघडवला तो. आता मी येऊन काय आरती ओवाळू त्याची? माझं डोकं नका खाऊ बाबा, कामं आहेत मला!"

ते म्हणाले, "बरं बरं. कर तू काम."

फोन ठेवता ठेवता, रविवारी येते, असं मी म्हटलं होतं. गेले नाही. पुढच्या रविवारीही नाही. त्यांचा फोन परत आला नाही. तिसऱ्या आठवड्यात आईचा आला. सकाळी रोपांना पाणी देता देता बाबा रांगेतच खाली बसले होते आणि मग उठलेच नाहीत.

तेरवीनंतर लॅपटॉप मी अकोल्याला आणला. एकच गोष्ट मनाला खात होती — त्यांचं शेवटी काय अडलं होतं? कोणाच्या झाडाचा फोटो बघायचा राहिला? काही लिहायचं होतं का? मी गेले नाही म्हणून त्यांचं शेवटचं काम तसंच पडून राहिलं का? मला ते शोधायचं होतं, आणि शोधायची भीतीही वाटत होती.

लॅपटॉप सुरू केला. बाण नाही.

एफएन, एफ-सिक्स दाबलं. एफ-सिक्सवर कुंकू सुकून बसलं होतं. म्हटलं, घ्या, हेच कारण. टचपॅड सुरू झाल्याची खूण स्क्रीनवर आली, बाण आला नाही. रिस्टार्ट... नाही. बाहेरचा माऊस लावला, खालचा लाल दिवा लागला, बाण नाही. ड्रायव्हर काढून परत टाकला. पॉइंटरच्या सगळ्या सेटिंग की-बोर्डनेच फिरून तपासल्या. शेवटी पेनड्राइव्हवरून दुसरीच सिस्टिम चालवली, म्हणजे आतल्या जुन्या सॉफ्टवेअरचा संबंधच नको. तिच्यातही बाण नाही! हे होऊच शकत नाही. टचपॅड खराब असता तर माऊसने बाण यायला हवा. सॉफ्टवेअर खराब असतं तर पेनड्राइव्हवर यायला हवा. अठरा वर्षांत मी असं बघितलेलं नाही. की-बोर्डनेच एकेक फाइल उघडली. पानांचे फोटो, बाकी काही नाही. अर्धवट राहिलेलं असं काही सापडलंच नाही.

मग एका रविवारी अमरावतीला वैशालीकडे गेले. ती माझी कॉलेजची मैत्रीण, तिचं रिपेअरिंगचं दुकान आहे. तिने तासभर लॅपटॉप खोलून बघितला.

"मशीन एकदम ओके हाये. कुंकू वरच्या वर हाये, आत काईच नाई गेलं. बाण कावून दिसत नाई थे तुले माहीत अन् तुह्या देवाले."

अमरावतीपर्यंत आलेच होते, म्हणून वरूडची बस धरली. खरं सांगते, नाहीतर त्या रविवारीही आईकडे गेले नसते. कामं होतीच. बसमध्ये मांडीवर लॅपटॉप उघडला, बाण नाही. घरी पोचले, जेवले, आणि भर दुपारी बाबांच्या टेबलावर तो ठेवून उघडला. आई समोर लसूण सोलत बसली होती.

बाण मधोमध उभा होता.

मी कशालाही हात लावला नव्हता. बोट फिरवलं, बाण फिरला. अंगावर सरसरून काटा आला. पण माझी खोड काही जात नाही... आधी प्लग बघा! अकोल्याला परत आले, उघडला, गायब. पंधरा दिवसांनी पुन्हा घेऊन गेले. फाट्यावर उतरून उघडला, नाही. अंगणात उघडला, नाही. टेबलावर, आईसमोर, हजर. महिन्याभराने तिसऱ्यांदा गेले, पुन्हा तेच. तेव्हा मी आईला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, मग लसणाची सुपली बाजूला ठेवून उठली.

"कोणतं बटन दाबा लागते म्हणते तू?"

मी एफ-सिक्स दाखवलं. तिने त्याच्यावरच्या सुकल्या कुंकवावर बोट ठेवलं.

"हेच दाबत तुहे बाबा."

"कधी?"

"करमे नाई त्याईले, तवा. दाबत अन् तुले फोन लावत. तू वरूडहून फोन केला का परत दाबत. मी म्हणो, कावून त्या पोरीले इतक्या लांबून धावाडता? तर म्हणत, बाईले सांगजो नको, चिडन थे."

मी त्या बटणाकडे बघत विचारलं, "मग हा टिक्का?"

"टिक्का कुठी लावते आपण? ज्याच्यानं काम होते तिथी. चाकूले पात्यावर, पंपाले दांड्यावर. मी म्हटलं, याले झाकणावर लावा, तर म्हणे, नाई, याचं कामाचं बटन हेच हाये. यानं पोरगी घरी येते."

मी त्या टेबलावर डोकं ठेवून ढसाढसा रडले. त्या माणसाने हळदकुंकवाची वाटी घेऊन माझ्या येण्याची पूजा केली होती, आणि मी त्याच टिक्क्यावरून त्यांना बोलले. ते माझं त्यांच्याशी शेवटचं बोलणं.

आता दर दुसऱ्या शनिवारी मी घरी जाते. लॅपटॉप बरोबर असतो. अकोल्यात आजही बाण दिसत नाही, आईसमोर दिसतो. दुरुस्त करायचा नाद मी सोडून दिलाय. बाबा हे करतात असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही, आणि दुसरं काय म्हणावं तेही कळत नाही. वाचणाऱ्यांपैकी कोणी हार्डवेअरवालं असेल आणि पेनड्राइव्हवरूनसुद्धा बाण का येत नाही हे सांगू शकत असेल, तर जरूर लिहा. मी वाचेन. हसणार नाही.

लॅबमध्ये कोणी तक्रार घेऊन आलं, की माझे प्रश्न ठरलेले असतात. कधीपासून होतंय? शेवटचं काय दाबलं? माऊस लावून बघितला? बाबांनाही मी हे सगळे प्रश्न विचारले, दर वेळी, चिडून. करमत नाही का हो बाबा, एवढं मात्र कधी विचारलं नाही.