नेकारकाठी दोन विहिणी

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी निघायचं असं कागदावर होतं आणि आम्ही खरोखरच आठ वाजून दहा मिनिटांनी निघालो. यावरूनच ओळखा की ही सहल तासगावची नव्हे. गाव नेकारसुल्म, देश जर्मनी, साल दोन हजार आठ, महिना जूनचा. माझा मुलगा अजित तिथं मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. दोन दिवसांच्या सायकल-सहलीचा त्यानं कॉम्प्युटरवर तक्ता करून छापून काढला होता. त्यात लिहिलेलं, ‘१०.४० ते १०.५५ : पाणी, स्वच्छतागृह, फोटो.’ मी विचारलं, "बाळा, आणि खोकला आला तर?" तर म्हणतो, "आई, पंधरा मिनिटं राखीव ठेवलीत."

पुढे अजित, मध्ये मी, वय त्रेसष्ट, आणि मागे माझ्या विहीणबाई सुलभाताई, वय एकसष्ट, पुण्याच्या निवृत्त मुख्याध्यापिका. सून केतकीला तिसरा महिना होता, उलट्यांनी बेजार. ती सामान घेऊन मोटारीनं पुढच्या मुक्कामावर भेटणार होती.

आता खरं सांगते, ही सहल काही नुसती किल्ले बघायची नव्हती. डिसेंबरात केतकीचं बाळंतपण. घरात जादा खोली एकच; आत्ता आम्ही दोघी कशाबशा मावलो होतो, पण बाळ आल्यावर आजीही एकच मावणार. रीतीनं पहिलं बाळंतपण माहेरचं, तेव्हा मान सुलभाताईंचा. पण त्यांना येऊन दोन आठवडे झाले तरी ‘मी येते’ असं त्या म्हणेनात, आणि ‘तुम्ही या’ असंही म्हणेनात. मला तर यायचंच होतं, जीव तुटत होता, पण मुलाकडच्या बाईनं ते तोंडानं मागायचं कसं? मग रोज चहाबरोबर आमचा खेळ चाले. "मान तुमचाच हो, सुलभाताई." "छे छे विहीणबाई, नातवंड तुमच्या घराण्याचं." शेवटी अजित वैतागला. "दोघी दोन दिवस सायकल चालवा आणि परत येताना मला एक नाव सांगा," म्हणाला. त्या देशात कारखान्यातली भांडणंही म्हणे अशीच तारीख देऊन मिटवतात.

सायकल आम्हा दोघींना नवी नव्हती. मी वडिलांच्या मोठ्या सायकलीवर कैची मारत (दांड्याखालून पाय घालून) शिकले आणि पुढं तासगावला आमच्या पिठाच्या गिरणीतली दळणं घरोघर पोचवली. सुलभाताई तीस वर्षं सायकलवरून शाळेत गेल्या. पण भाड्याच्या त्या जर्मन सायकलीचं एक आडमुठं शास्त्र होतं. पायडल उलटं फिरवलं की ब्रेक लागायचा. आणि आपल्याला तर उतारावर पाय रिकामे असले की पायडल मागे फिरवून टरटर आवाज काढायची जन्माची सवय! पहिल्या तासात मी दोनदा गचकन थांबले. सुलभाताई म्हणाल्या, "विहीणबाई, थांबताना हात दाखवत जा. आमच्या शाळेत पाचवीची मुलंसुद्धा दाखवायची."

नेकार नदी मोठी शहाणी. डोंगरांमधून वाहते पण रस्ता सपाट ठेवते. गावं मात्र बघायची म्हटली की वर चढा. बाड विम्फेन नावाचं पहिलंच गाव टेकडीच्या माथ्यावर. लाकडी पट्ट्यांची वाकडीतिकडी घरं, खिडकीखिडकीत लाल फुलं. एक वाळलेलं पान नाही, एक वाळत घातलेला टॉवेल नाही. चारशे-पाचशे वर्षांची घरं, आणि कालच परीक्षकांसाठी पुसून ठेवल्यासारखी. मी म्हटलं, "माणसं राहतात का इथं?" तेवढ्यात एका खिडकीतून आजीबाई डोकावल्या आणि आम्ही सायकली चुकीच्या भिंतीला टेकवल्याचं बोटानं दाखवून आत गेल्या. राहत होती.

जेवायला केझेश्पेट्सले (चीज घातलेल्या जाड शेवया) मिळाल्या. आपल्या शेवयांची ही पैलवान बहीण. मांस नको म्हणून तीनदा सांगितलं. वाढणारीनं तीनदा मान हलवली आणि सॅलडवर डुकराच्या मांसाचे तुकडे भुरभुरून आणले. अजितनं विचारलं तर म्हणाली, "हे काय मांस आहे? ही तर चव आहे." सुलभाताईंनी एकेक तुकडा काट्यानं टिपून ताटाच्या कडेला लावला, पेपर तपासावा तसा.

रात्रीचा मुक्काम गुंडेल्सहाइम गावात, द्राक्षांच्या मळ्यांखाली, एका बाईंच्या घरी. दारात ‘त्सिमर फ्राय’ (खोली मिळेल) अशी पाटी. सकाळी नाश्त्याला उकडलेली अंडी आली, तीही लोकरीची टोपरी घालून! निवू नयेत म्हणून. मी म्हटलं, "बघा सुलभाताई, आपल्या नातवंडाला अजून टोपरं नाही आणि अंडी नटून बसलीत." त्या हसल्या. टोपरं हातात घेऊन उलटंसुलटं करून त्याचे टाके बघत राहिल्या. मला वाटलं, विणायचा विचार करताहेत, म्हणजे येणार आहेत. मला चहा कडू लागला.

नाश्ता आटोपून पूल ओलांडून गुटेनबेर्गच्या किल्ल्यावर गेलो. आपले गड चढायचे म्हणजे घशाला कोरड, बुरूज ढासळलेला, आणि वर बंडू-मंगलचं बाण मारलेलं बदाम. इथं किल्ल्यात उपाहारगृह, किल्ल्यात शिकारी पक्षी, आणि सरदाराच्या घराण्यातले लोक अजून किल्ल्यातच राहतात म्हणे. गरुड डोक्यावरून इतक्या खालून गेला की सुलभाताईंनी ओढणी घट्ट धरली. भिंतीवरनं नदी, मळे, पलीकडचा दुसरा किल्ला, सगळं चित्रासारखं दिसत होतं. अजितनं घड्याळ बघितलं. "चित्राला बारा मिनिटं झाली. मी खाली फाट्यावर थांबतो, सावकाश या." आणि तो निघाला.

उतारावर सुलभाताई मागून म्हणाल्या, "विहीणबाई, संध्याकाळी नाव सांगायचंय."

"तुम्हीच सांगा. मान तुमचा."

"मला वाटलं होतं तुम्ही हट्ट धराल."

"मी कशाला धरीन? लोक म्हणतील सासू पुढे पुढे करते."

"म्हणू देत ना! एवढी गिरणी चालवलीत, लोकांना कधी भ्यायलात?"

"म्हणजे मी भांडकुदळ, असंच ना?" मी तावातावानं म्हटलं, आणि तावातावात माझे पाय आपोआप मागे फिरले. सायकल जागच्या जागी खिळली. सुलभाताई अगदी मागे चिकटून येत होत्या, अंतर ठेवायची सवय आपल्याला कुठली? त्या माझ्यावर, मी सायकलीवर, आणि सगळं मिळून रस्त्याकडेच्या झुडपात. आणि झुडूप तरी कसलं, तर खाजकुइलीच्या जर्मन मावशीचं. हाताला नुसती आग!

खालून एक म्हातारं जोडपं सायकली ढकलत वर येत होतं. आजोबांनी धावत येऊन आधी सायकली उचलल्या. घंटी वाजते का, दिवा लागतो का, ते पाहिलं. मग आमच्याकडे वळले. आजींनी सुलभाताईंच्या गुडघ्याला पट्टी लावली आणि डोक्यावर बोट आपटत हेल्मेटवर मोठं भाषण केलं. एक शब्द कळला नाही, पण सूर सुलभाताईंच्या ओळखीचा होता. त्या मान खाली घालून ऐकत होत्या. मुख्याध्यापिकेला झापलेलं मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

जोडपं वर गेलं. आम्ही एका बाकावर हात चोळत बसलो. मी म्हटलं, "फार लागलं का हो?"

"गुडघ्याला नाही," त्या म्हणाल्या. "विहीणबाई, मला डिसेंबरात येता यायचं नाही. ह्यांचं काही खरं नाही. सकाळी दाढी करतात, तासाभरानं पुन्हा साबण लावून बसतात. परवा पेन्शन आणायला गेले ते रिक्षावाल्याला घराचा पत्ताच सांगता येईना. डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार. आता तीन आठवडे माझा भाऊ येऊन राहिलाय म्हणून मी इथं."

"केतकीला ठाऊक नाही?"

"तिला सांगितलंय, बाबांना विमानप्रवास नको वाटतो. खरं कळलं तर ही अशा दिवसांत पुण्याला धावत येईल. आणि मी नुसतं येत नाही म्हटलं तर ती कारण विचारणार. आईला लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला न यायला काय कारण असतं हो? दोन आठवडे मी वाट बघतेय, तुम्ही कधी माझा मान ओढून घेताय त्याची. पण तुम्ही तर इतक्या सभ्य निघालात की काय सांगू!"

मला हसू आलं आणि रडूही. मी इकडे सभ्यपणानं मरत होते आणि माझ्या सभ्यपणापायी ही बाई मरत होती.

"चांगलं भांडू?" मी विचारलं.

"चांगलंच भांडा. मला नाही म्हणताच येऊ नये."

संध्याकाळी नेकारएल्ट्सच्या स्टेशनाजवळ केतकी भेटली. बागेतल्या टेबलावर चेरीचा केक आला. अजित म्हणाला, "आल्झो (म्हणजे ‘तर मग’), नाव?" मी चमचा ठेवला. "नाव कसलं? माझं घराणं, माझं नातवंड. डिसेंबरात मीच येणार. केतकी, तुझ्या आईला शाळेचा अनुभव असेल, बाळाचं तेल-मालीश मलाच येतं."

केतकीचा चेहरा लाल. "अहो आई, पहिलं बाळंतपण माहेरचं असतं! लग्नात प्रत्येक मान तुम्ही मोजून घेतलात. हा एक तरी माझ्या आईला राहू द्या."

अजित म्हणाला, "आई, असं कसं बोलतेस तू?"

तेवढ्यात मुख्याध्यापिका गरजल्या. "केतकी! सासूबाईंशी बोलायची ही रीत? त्यांची हौस आहे, होऊ दे. मी नाही म्हणणार नाही." आणि दोन आठवडे ज्यांच्या पोटात धड अन्न गेलं नव्हतं, त्यांनी तो केक सगळा संपवला, वर माझ्यातला अर्धा घेतला. केतकी नेकारसुल्म येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही. पुढेही बरेच दिवस गरजेपुरतंच बोलली.

तासगावात परतले तेव्हा बातमी माझ्याआधी पोचली होती. ‘विहिणीचा मान हिसकावला म्हणे’ असं दळण न्यायला आलेल्या बायका एकमेकींना माझ्यासमोर सांगायच्या, चक्कीच्या आवाजात मला ऐकू येत नाही असं समजून. मी पीठ चाळत राहायची. मान घेणं सोपं असतं की देणं, असं कुणी मला आता विचारलं तर मी सांगेन, सगळ्यांत अवघड म्हणजे हिसकावल्याचा आळ अंगावर घेणं. पण त्यात एक मजाही असते बरं का, ती गुपित ठाऊक असलेल्यांनाच कळते. आज व्याही नाहीत, केतकीला सगळं ठाऊक झालंय, आणि सुलभाताई स्वतःच म्हणाल्या म्हणून लिहिते आहे.

त्या डिसेंबरात विमानाला निघताना मी पुण्याला त्यांच्याकडे थांबले. सुलभाताईंनी डिंकाचे लाडू, सुती दुपटी, वेखंड, सगळं बांधून दिलं. व्याही स्वच्छ इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे होते. एका गालावर साबण तसाच. मला म्हणाले, "कुठं निघालात?"

"तुमच्या लेकीच्या बाळंतपणाला."

"अरे वा! मग तिच्या आईला नाही नेत?"

सुलभाताईंनी पदरानं त्यांच्या गालावरचा साबण पुसला. "विहीणबाई ऐकत नाहीत हो," त्या म्हणाल्या. "फार हट्टी आहेत."

"आहेच मी हट्टी," मी म्हटलं आणि लाडवांचा डबा उचलून रिक्षात बसले.