जुमाच्या बैलांना आवतण

जऊळक्याच्या स्टेशनावर आगगाडी यायला अवकाश होता. केनवडहून आम्हाला घेऊन आलेली बैलगाडी कडुनिंबाखाली सोडली होती. माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, बैलांपुढे उकिडव्या बसून आमच्या शिदोरीतल्या भाकरी त्यांना चारत होत्या.

"माय, वाटेत आपून काय खाऊ?" ह्यांनी विचारलं.

आत्याबाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. भाकरी संपल्या तेव्हा चांद्याच्या कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्यावर तळहात ठेवून म्हणाल्या, "सुनेचं घर लावून देतो नि पोयाले येतो. तवर कोश्याले ढकलू नोको." कोश्या हा जोडीचा दुसरा बैल. चांद्या जुवाखाली त्याला रेटतो, ही त्यांची नेहमीची तक्रार.

आमच्याकडे बायकाही 'येतो'च म्हणतात, आणि पोळ्याला पोया. मी वाशीमच्या बागवानाची मुलगी असले तरी अकोल्याच्या मिशनच्या शाळेत इंग्रजीतून शिकले. तिथं माझ्या जिभेवरून ही बोली पुसून काढली होती. तिच्या जागी आलेलं इंग्रजी कुणापुढे बोलायचं धैर्य नव्हतं, म्हणून मी बहुतेक वेळा गप्पच असे. वडील मला पोचवायला स्टेशनावर आले होते. वांग्यांची टोपली खाली ठेवून ते एवढंच म्हणाले, "तोंड हाय त वापर व पोरी. मुक्यानं बजार होत नाई." मी मान हलवली. तेवढंच माझं निरोपाचं बोलणं.

आम्ही झांजिबारला आलो. ह्यांना तिथं लवंगांच्या वखारीत क्लार्कची नोकरी लागली होती. सासरे कधीच वारले होते आणि हे एकुलते एक, म्हणून घर लागेपर्यंत आईला सोबत घ्यायचं ठरलं. शेत आणि बैल चुलतसासऱ्यांच्या, म्हणजे मामंजींच्या, हवाली केले. "पोळ्याच्या आधी तुले परत पाठवतो," असं ह्यांनी आईला सांगितलं होतं, आणि मला वाटतं तेव्हा ते मनापासून सांगितलं होतं.

जे घर सोडून दूर गेले आहेत त्यांना हे सांगायला नको, पण केनवडला राहिलेल्यांसाठी लिहिते. इथं सगळ्यात आधी चुकतं ते पंचांग. आपला चैत्र येतो आणि इथं आभाळ फाटल्यासारखा पाऊस लागतो. श्रावण कोरडा जातो. गुढीपाडव्याला उभारलेली गुढी ओली होऊन काठीला चिकटली, तेव्हा आत्याबाई खाली उभ्या राहून वर बघत म्हणाल्या, "देवाले बी इथला पत्ता गवसला नसन." दिवाळी आम्ही शेजारच्या गुजराती कुटुंबासोबत केली. त्यांचं वर्ष त्या दिवसांत बदलतं, आपलं नाही. त्यांनी आम्हाला नव्या वर्षाच्या शुभेच्छा दिल्या आणि आम्ही त्या हसून घेतल्या. लाडू चांगले झाले होते.

घर खाडीच्या पुलाजवळ, माडीवर. लवंगांचा हंगाम असला की वाटेवर चटयांवर लवंगा वाळत घालतात. त्यांचा वास कपड्यांत, पाण्यात, अगदी भातातही उतरतो. आत्याबाईंनी गच्चीवर रॉकेलच्या रिकाम्या डब्यांत माती भरून मेथी, मिरची आणि सांबार लावला. सांबार म्हणजे कोथिंबीर. तो उगवला, पण त्या पान चावून बघायच्या आणि म्हणायच्या, "दर्याच्या हवेनं सांबार बी खारट करून ठेवला." मला काही तो खारट लागत नव्हता. मी तसं म्हटलं नाही.

त्यांच्याशी बोलायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं, आणि मी ही अशी. दिवसभर त्या खिडकीत बसायच्या. खिडकीखालून जुमा नावाच्या गाडीवानाची बैलगाडी लवंगांची पोती घेऊन बंदराकडे जायची. या बेटावर नांगर बैल ओढत नाहीत. बैल दिसतात ते गाडीलाच. जुमाची जोडी लहानखुरी, तांबूस, वशिंडं बारीक. आत्याबाई रोज त्यांच्याकडे बघायच्या. "डाव्याचा खांदा सोलला व. याच्या मालकाले दिसत नाई काय?" कधी कधी मला चिडवायच्या, "अवो मडमबाई, सांग ना त्याले तुह्या इंग्रजीत!"

पहिला पोळा आला तेव्हा ह्यांना रजा नव्हती आणि आत्याबाईंना एकटं पाठवायची हिंमत नव्हती. "पुढच्या पोळ्याला नक्की," हे म्हणाले. पुढच्या पोळ्याच्या सुमारास लढाई सुरू झाली. मुंबईच्या स्टीमर कमी झाल्या, आणि त्यांवर डेकचं तिकीट मिळायचं तर परमिट हवं, आणि परमिट कुणाला मिळेल हे कुणीच सांगेना. आत्याबाईंनी त्यानंतर विचारणंच सोडलं. त्या विचारत होत्या तोवर मला बरं वाटत होतं. गप्प झाल्या तेव्हा भीती वाटायला लागली. ताप यायचा, जायचा. क्विनीन घ्यायच्या, पण पोटात काही गेल्यावरच, आणि पोटात दिवसेंदिवस कमी जाऊ लागलं.

तिसऱ्या पोळ्याच्या आदल्या दिवशी, दुपार उतरल्यावर, त्या वाटीत हळद कालवलेलं कोमट तूप घेऊन जिना उतरताना दिसल्या. मी मागोमाग गेले. जुमाची गाडी नारळाखाली उभी होती आणि जुमा पलीकडे कॉफीवाल्याजवळ बसला होता. आपल्याकडे पळसाच्या पानानं खांदा शेकतात. इथं पळस नाही, म्हणून त्यांनी बदामाचं मोठं पान घेतलं होतं. डाव्या बैलाच्या सोललेल्या खांद्यावर त्यांनी हलक्या हातानं तूप-हळद चोळली, मग उजव्याच्या. बैल मान खाली घालून उभे राहिले. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन त्या म्हणाल्या, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

वाटेवरच्या एका बाईनं हे पाहिलं आणि मोठ्यानं काहीतरी ओरडली. जुमा धावत आला. बैलाचा पिवळा खांदा बघितला, पुटपुटणारी परकी म्हातारी बघितली, आणि त्याचा चेहरा उतरला. तो एक शब्द बोलला. तो मला कळला. जादूटोणा. मी पायरीवर उभी होते, माझ्या ओठांशी त्यांच्या भाषेतली, इतक्या दिवसांत खिडकीतून ऐकून शिकलेली, दोन वाक्यं तयार होती, पण तेवढ्यात चारचौघं जमले आणि वाक्यं परत आत गेली. जुमानं बैल खाडीवर नेले, खाऱ्या पाण्यानं खांदे खसाखसा धुतले आणि दुसऱ्याच वाटेनं निघून गेला.

आत्याबाईंना यातलं काही समजलं नाही. त्यांना वाटलं, मालक रागीट आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून त्यांनी स्वयंपाक मांडला. पुरण शिजवलं, बैलांसाठी ज्वारी शिजवून तिचा ठोंबरा केला, दारात रांगोळी काढली, शेंगा-फुलं आणली, स्वतःचं लाल लुगडं झूल म्हणून घडी घालून ठेवलं. मी खूप दिवसांनी त्यांना गुणगुणताना ऐकलं. मग त्या दारात बसल्या. सकाळ गेली. दुपार झाली. वाटेवरून माणसं गेली, हातगाड्या गेल्या. जुमाची गाडी आली नाही.

हे जेवायला घरी आले. "माय, दोन घास खाऊन घे. अंगात ताप हाय तुह्या."

"पाहुने उपाशी नि मी गिळू?"

"अवो, ते काय आपले बैल हायत?"

"आवतन देल्लं म्या." त्या दाराकडेच बघत होत्या. "एका जोडीले देल्लेला सबूद तुह्या पायी मोडला, बापू. हा बी मोडू काय?"

ह्यांनी ताट तसंच ठेवलं आणि कचेरीत परत गेले. क्विनीनची गोळी वाटीशेजारी पडून होती. त्या दारातून उठणार नाहीत, हे मला स्वच्छ दिसत होतं. उद्याही नाही, आणि कदाचित परवाही.

मी पदर डोक्यावरून घेतला आणि पूल ओलांडून पलीकडच्या वस्तीत गेले. त्याआधी मी एकटी बाजारापर्यंतही गेले नव्हते. ज्याला त्याला विचारायचं म्हणजे तोंड उघडायचं. वडिलांचं वाक्य मी मनात धरून ठेवलं होतं, आणि तरी पहिल्यांदा विचारलं तेव्हा माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

जुमाचं घर माडाच्या झावळ्यांचं. अंगणात तो, त्याची बायको आणि तिची म्हातारी आई एका थाळ्याभोवती भात खायला बसली होती. मला बघून त्याच्या बायकोनं हात थाळ्याकडे करून म्हटलं, "करिबू!" इथली ही रीतच आहे. जेवताना दारावर कुणीही आलं, अगदी ओळख नसली तरी, करिबू म्हणायचं. ये, जेव.

मग मला काय सांगायचं ते सापडलं.

जुमानं मला ओळखलं होतं. "तुझी म्हातारी माझ्या बैलांवर काय फुंकत होती?"

"करिबू म्हणत होती," मी म्हटलं.

"बैलांना?"

"आमच्या गावी वर्षातून एकदा बैलांना जेवायला बोलावतात. आदल्या दिवशी सांगावं लागतं."

त्याची बायको खो-खो हसली. "ऐक! मला चुलीजवळून कधी कुणी उठवून करिबू म्हटलं नाही, आणि तुझे बैल बघ!"

जुमा हसला नाही. "आणि ते पिवळं?"

"तूप आणि हळद. त्याचा खांदा सोलला आहे, म्हणून."

तो थाळ्याकडे बघत राहिला. "रात्री बघितलं मी. खांदा आधीपेक्षा मऊ होता." मग म्हणाला, "म्हातारी रागावली का?"

"जेवलेली नाही. पाहुणे आल्याशिवाय जेवत नाही. ताप आहे तिला."

म्हातारी सासू थाळ्यावरून जुमाला काहीतरी कडक बोलली. त्याचं तोंड बारीक झालं. त्यानं हात धुतले आणि भात अर्धा टाकून उठला.

पुलावरून मी पुढे, मागे बैल, त्यांच्यामागे जुमा आणि त्याच्यामागे जवळजवळ सगळी वस्ती. एरवी मी लाजेनं मेले असते. तेव्हा मला फक्त दार दिसत होतं आणि दारात बसलेलं माणूस.

आत्याबाई भिंतीला धरून उठल्या. बैलांच्या पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, लाल लुगडं डाव्याच्या पाठीवर टाकलं. तो पुरणपोळी चटकन खाऊन मोकळा झाला. उजव्यानं ती हुंगली, बाजूला सारली आणि आरतीच्या ताटातली फुलं खाल्ली. "चाखून त पाह्य रे बाबू," त्या त्याला म्हणाल्या, "तुह्या मुलखात भेटत नाई हे." लोक हसले. जुमानं पोळी हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि मग तिसरी मागितली.

"इचार व त्याले, नावं काय यायची?"

मी विचारलं. जुमा ओशाळला. त्यानं नावं ठेवलीच नव्हती. आत्याबाईंनी मान हलवली, जसं काही त्यांना हीच शंका होती. त्या संध्याकाळी त्या माझ्यासमोर बसून जेवल्या, गोळी घेतली, आणि आपणहून म्हणाल्या, "चांगले हायत. पन चांद्या नाई तो."

त्या चौथा पोळा बघायला राहिल्या नाहीत. इथल्या चैत्रातल्या पावसात ताप परत आला तो उतरला नाही. शेवटच्या दिवसांत आमच्यापैकी कुणीच जाण्याचं बोललं नाही. हे त्यांचे पाय चेपत बसून राहायचे आणि तोंडातल्या तोंडात "माय, माय" म्हणायचे. अस्थी तांब्याच्या लोट्यात आहेत. त्याच्या तोंडाला फडकं बांधून मी लोटा सांबाराच्या डब्यांवरच्या फळीवर ठेवला आहे. स्टीमरचं परमिट अजून नाही.

त्या वर्षीच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी जुमानं बंदरावरून परत येताना गाडी आमच्या दारासमोर थांबवली. हाक मारली नाही. बैलांची तोंडं दाराकडे करून नुसता उभा राहिला. मी वरून बघत होते. मग वाटीत तूप कोमट केलं, हळद घातली आणि खाली गेले. डाव्याचा खांदा भरून आला होता. माझ्या तोंडून शाळेतली शुद्ध भाषा निघाली नाही. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." वाटेवर माणसं होती. मी ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं.

इथल्या बायका विचारतात, तुझं घर कुठं? पूर्वी मी चटकन केनवड म्हणत असे. आता आधी कोणाला तरी जेवायला वाढलेलं असतं, भाजीत आमच्या डब्यातला सांबार असतो, आणि उत्तर द्यायला थोडा वेळ लागतो. तो सांबार खारटच लागतो. आत्याबाईंचं खरं होतं.

मामंजी, चांद्या आता औताला लागत नाही, मोटेलाही नाही, आणि त्याला बाजार दाखवायचं तुमच्या मनात आहे, असं कळलं. मी तुमच्यासमोर कधी मान वर करून बोलले नाही, म्हणून लिहिते. त्याला विकू नका. लढाई थांबली की आम्ही जऊळक्याला उतरू. गाडीला हवे ते बैल जुंपा, पण चांद्याला मागे बांधून स्टेशनावर घेऊन या. लोटा माझ्या हातात असेल. आत्याबाईंनी त्याला 'येतो' म्हणून सांगितलं आहे.