सासूबाईंची झोप आणि माझं धनुष्य

डिचोलीला आमच्या घरामागच्या कुळागरात, म्हणजे पोफळी-केळींच्या बागेत, मी रोज दुपारी रिकर्व्ह धनुष्याचा सराव करते. सकाळ शाळेत शिकवण्यात जाते, दुपारचा तेवढाच वेळ माझा. पण बाण सुटला की दोरी धनुष्याच्या वळलेल्या टोकांवर अशी फट्टकन आपटायची, की जेवून आडव्या झालेल्या सासूबाई आतून ओरडायच्या, “अगो, माका जरा निजाक दी!”

शेवटी मीच वैतागले. दोरी उतरवून तिला आणखी पीळ दिला, टोकांवर फेल्टच्या पट्ट्या चिकटवल्या आणि दोरीला लोकरीचे गोंडे बांधले. लोकर नवऱ्याच्या स्वेटरची. गोव्यात स्वेटर हवाय कुणाला? पुढचा बाण सुटला तो नुसता फुस्स! मी एकटीच नाचले.

आठवडाभर सासूबाई घोरत झोपल्या. मग एका संध्याकाळी कुळागरातून केळीच्या घडाचा रिकामा दांडा घेऊन आल्या. माकडांनी सगळी केळी फस्त केली होती. इतके महिने माकडं कशाला घाबरून लांब राहिली होती, ते तेव्हा आम्हा दोघींच्या डोक्यात शिरलं.

दुसऱ्या दिवशी जेवल्याबरोबर सासूबाई माझ्या मागोमाग आल्या. गोंडे सोडवले, पट्ट्या नखांनी खरवडल्या आणि म्हणाल्या, “आता सोड. मोठ्यान वाजूंदे!”

फट्ट! पोफळीवरची माकडं उड्या मारत पळाली. सासूबाईंनी केळीखाली खुर्ची टाकली आणि माझा तिसरा बाण सुटायच्या आत त्या घोरायला लागल्या.